उशिरा छापलेली पत्रिका

९ नोव्हेंबर २०२५, रविवार

खटाक्... धप्प. खटाक्... धप्प.

दुपारी जरा डोळा लागला आणि पुन्हा तोच आवाज. मेहकरच्या छापखान्यातलं ट्रेडल मशीन! पायानं चालवायचं. ते भंगारात जाऊन वीस वर्षं झाली, पण माझ्या कानात अजून चालूच आहे.

मी तिथं जुळारी होतो. लाकडी खणांतून शिशाचा एकेक खिळा, म्हणजे एकेक अक्षर, उचलायचा, ओळ जुळवायची, ओळींचा फर्मा बांधायचा. चौतीस वर्षं. लग्नसराईत तर दिवसाला आठ-आठ पत्रिका. अक्षरं उलटी वाचायची सवय लागली ती अजून सुटली नाही.

अनुपमा तीन महिन्यांची होती तेव्हा तिच्या आईला, सरस्वतीला, टायफॉइड झाला. पोरीला घेऊन मी रोज मेहकरला जायचो. घरचा सागवानी पाळणा थोरल्या दादांच्या घरी होता, त्यांच्या धाकट्यासाठी. म्हणून आमची पोर कागदाच्या कातरणांच्या खोक्यात. मशीन चालू असलं की गाढ झोप. मशीन थांबलं की भोकाड! मग मशीनवाला दमला की पाय मी मारायचो. मालक म्हणायचे, "नारायणराव, थांबू नका हो, काम उरकू द्या."

सहा वर्षं झाली, मी तिच्याशी एक शब्द बोललेलो नाही. तिचं नावसुद्धा या वहीत आज पहिल्यांदाच लिहिलं.

१० नोव्हेंबर, सोमवार

सरस्वती परसात तुरीच्या ओळींपलीकडे जाऊन फोनवर बोलते. मी ओसरीवर पेपर वाचतो. आज लक्षात आलं, पेपर उलटा धरला होता — आणि तरी वाचत होतो!

१३ नोव्हेंबर, गुरुवार

आज सरस्वतीनं कप आपटला.

"ऐकून राह्यले का? पोरगी पोटुशी हाय. आठवा लागला."

"माहीत आहे."

"कोण सांगतलं?"

"तू परसात बोलतेस. मी बहिरा नाही."

ती खाली बसली. पदरानं कप पुसत राहिली, उगीचच.

"मंग हे माहीत हाय का? तिकडे लग्नाचा दाखला लागते. सरकारी, शिक्क्याचा. तो नसला तर लेकराचा जन्मदाखला होत नाई. जन्मदाखला नाई तर पासपोर्ट नाई. म्हणजे लेकरू जन्मून बी कोणाचंच नाई. पोरीची झोप उडाली हाय."

पोरगी मस्कतला असते. दवाखान्यात नर्स आहे. नवरा — धम्मरत्न — एसीच्या कंपनीत. दोघं आपापल्या नोकरीवर गेले, तेव्हा लग्नाचा कागद कोणी मागितला नाही. आता मागताहेत. आणि विमानात बसायला डॉक्टरनं मनाई केली आहे. सरस्वतीजवळ पासपोर्ट नाही, आता काढला तरी वेळेत येणार नाही. म्हणजे पहिलं बाळंतपण — ना माहेर, ना आई.

"दाखला का नाही काढला त्यांनी?" मी विचारलं.

"अर्ज केला होता ना. दोघं पंचायतीत जाऊन सह्या करून आले होते. पण अर्धा राह्यला. पोरीकडून एक साक्षीदार पाहिजे."

"कोण?"

ती कप घेऊन आत गेली.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

शाळेतून कवितेचा आवाज आला. सगळा वर्ग एका सुरात, शेवटची ओळ लांबवून. तो सूर साठ वर्षांत बदललेला नाही. फाटकाशी उभा राहिलो. अनुपमा याच वर्गात होती. कविता म्हणताना डोळे मिटायची. मास्तर म्हणायचे, बापावर गेली.

१६ नोव्हेंबर, रविवार

लिहायचं तर सगळं लिहावं. ही वही वाचणारं कोण आहे?

हिंमतराव दादा माझे थोरले भाऊ. मी सहा वर्षांचा असताना वडील गेले. दादांनी शाळा सोडली आणि मला शिकवलं. त्यांचं घर आळीच्या त्या टोकाला. रोज चार वाजता मी त्यांच्या ओट्यावर चहाला जातो. छापखाना सुटल्यापासून वीस वर्षांचा नेम.

२०१९ मध्ये अनुपमानं सांगितलं, धम्मरत्नशी लग्न करायचंय. बौद्ध मुलगा, पिंपळगाव राजाचा. दोघं अकोल्याला शिकताना भेटलेले. मुलगा सरळ, डोळ्याला डोळा देऊन बोलणारा. मला तो आवडला होता. हे मी तेव्हा कोणालाही सांगितलं नाही.

दादा ओट्यावरूनच बोलले, "नाऱ्या, त्या मांडवात पाय ठेवशील, तर माह्या दारात ठेवू नको."

मी पोरीला म्हणालो, "तुझं तू बघ." तीनच शब्द. त्यानंतर एकही नाही. आधी दादांची भीती होती. मग लाज वाटली. मग सवय झाली. सवय सगळ्यात वाईट! तिला कारण लागत नाही.

हजारो लोकांच्या लेकींच्या पत्रिका या हातांनी जुळवल्या. माझ्या लेकीची पत्रिका छापलीच गेली नाही.

मी लग्नाला गेलो नाही असं सगळे म्हणतात. सरस्वतीही तेच म्हणते. ती मात्र गेली होती — बहिणीकडे जाते म्हणून सांगून. मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.

माझंही एक सांगायचं राहिलंय. आज नको.

१७ नोव्हेंबर, सोमवार

सरस्वतीला म्हणालो, "उद्या पहिल्या एसटीनं पिंपळगाव राजाला जाऊ." तिची भाकर तव्यावर करपली.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

आमच्या डोणगावहून मेहकर, खामगाव, पिंपळगाव राजा. तीन गाड्या बदलल्या. कपाशीची पहिली वेचणी चालू होती. सरस्वती खिडकीपाशी बसून पिशवी घट्ट धरून होती. पिशवीत काय, विचारलं, तर "तुमाले काय करायचं?"

स्टँडवर कचरूभाऊ उभे होते. धम्मरत्नचे वडील. जन्मभर दुसऱ्यांची शेतं केली, आता दोन एकर स्वतःचं, वांगी-मिरची करतात. मी त्यांना ओळखलं नसतं. त्यांनी मला ओळखलं.

"या इवाई. लय उशीर केला गाडीनं."

इवाई! व्याही म्हणून मला आजवर कोणी हाक मारली नव्हती. आणि उशीर गाडीनं केला म्हणाले — मी केला म्हणाले नाहीत.

पंचायतीत ग्रामसेविका डिंपलताई. तिशीतली पोर, चष्मा, पटपट बोलणारी. तिनं फाइल काढली, धूळ झटकली, अर्ज माझ्यासमोर ठेवला. साक्षीदार एक — सही. साक्षीदार दोन — सही. साक्षीदार तीन...

तिथं माझं नाव लिहिलेलं होतं. पूर्ण नाव, वय, पत्ता. पुढे 'नाते : वडील'. अनुपमाचं अक्षर! 'ण'चा शेवट असा वर उडवायची तिची खोड. पुढे सहीची जागा कोरी.

सहा वर्षं कोरी.

"आजोबा," डिंपलताई म्हणाली, "पत्रिका आहे का? नसेल तर साक्षीदाराचं प्रतिज्ञापत्र चालतं. पण साक्षीदार म्हणजे ज्यानं लग्न पाहिलं तो. तुम्ही लग्नाला हजर होता?"

सरस्वतीनं मान खाली घातली. कचरूभाऊ खिडकीबाहेर पाहू लागले. 'नव्हतो' म्हटलं तर सही नाही, सही नाही तर दाखला नाही. आणि खोटं बोलून केलेली सही नातवंडाच्या नशिबी लावायची कशी?

"होतो," मी म्हणालो.

सरस्वतीनं झटकन वर पाहिलं.

खरंच होतो! दादांना खामगावला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जातो म्हणून सांगितलं आणि इथं आलो. विहाराच्या भिंतीबाहेर उसाच्या रसाचा गाडा होता. तिथं दोन तास उभा. चार ग्लास रस प्यालो. भिंत छातीएवढी. अनुपमा पांढऱ्या साडीत होती. पांढरं पाहून आधी छातीत धस्स झालं — आपल्याकडे नवरीला कोणी पांढरं नेसवत नाही. मग तिचा चेहरा दिसला. इतकी शांत मी तिला कधी पाहिली नव्हती. आतून सगळे एका सुरात म्हणाले, साधु, साधु, साधु. वर्गातल्या कवितेसारखं, शेवट लांबवून. फुलं उडाली. दोन पाकळ्या भिंतीच्या बाहेर पडल्या. मी त्या उचलल्या.

हे सगळं मी डिंपलताईला सांगितलं.

ती चष्म्याच्या वरून पाहत राहिली. "भिंतीबाहेरून पाहिलं तरी पाहिलंच की," म्हणाली आणि पेन पुढे केलं.

तेवढ्यात कचरूभाऊ खिडकीकडे तोंड करूनच बोलले, "बुंदीचं ताट पोचलं होतं ना?"

"कोणतं ताट?"

"आमच्या भिमाबाईनं पाह्यलं होतं तुमाले, रसाच्या गाड्यापाशी. पोरीसारखंच नाक, म्हणे. बोलवू का, इचारलं तिनं. मी म्हटलं, नको, मानूस लाजून जाईन. जेवन पाठव."

ते ताट! मला वाटलं होतं, बाहेर उभं असेल त्याला वाढत असतील.

"खाल्लं की नाई?" कचरूभाऊंनी विचारलं.

"खाल्लं. दोनदा बुंदी घेतली."

सरस्वती हसायला लागली. हसता हसता रडायला लागली. "माह्यापासून बारा हातावर होते तुमी! आन् मी सहा वर्षं तुमाले बोल लावून राह्यली!"

सही केली. अक्षर नीट आलं. मग त्यांच्या घरी गेलो. भिमाबाईंनी वांग्याची भाजी आणि भाकरी वाढली. सरस्वतीच्या पिशवीत पोरीच्या सासूसाठी लुगडं होतं. सहा वर्षांपूर्वीच घेतलेलं.

१९ नोव्हेंबर, बुधवार

सरस्वतीनं फोन लावला आणि माझ्या हातात कोंबला.

"बाबा?"

दूर कुठंतरी लिफ्टचा आवाज.

"जेवले का?" तिनं विचारलं.

"हो. तू?"

एवढंच बोलणं आधी दोनदा झालं. मग बांध फुटला. तिची ड्यूटी बाळंतिणींच्याच वॉर्डात आहे. तिथल्या बाईजवळ आई, सासू, मावश्या, नणंदा — पाच-पाच बायका बसतात म्हणे, कॉफीचे थर्मास, हलव्याचे डबे घेऊन. "बाबा, मी रोज दुसऱ्यांच्या आयांना बाहेर काढते, गर्दी करू नका म्हणून. आणि घरी येऊन वाटतं, माझ्या वेळी गर्दी करायला कोण आहे?" शेजारची केरळची नर्स तेल लावून पाठ चोळून देते. त्या दोघींना एकमेकींची भाषा येत नाही. कळा सुरू झाल्या की काय म्हणायचं, एवढं तिनं मराठीतून पाठ केलंय — "घाबरू नको, मी हाय." सरस्वतीनं फोनवरून शिकवलं, म्हणून वऱ्हाडीतून!

मी विचारलं, "सहीची जागा कोरी का ठेवलीस? आईनं केली असती, ती तर मांडवात होती."

"दुसऱ्या कोणाची घेतली असती तर तुमची गरजच संपली असती, बाबा."

२० नोव्हेंबर, गुरुवार

चार वाजता दादांकडे गेलो. पिंपळगावची बातमी माझ्याआधी पोहोचली होती. चहा आला नाही.

"सही केली?"

"केली, दादा."

"भिताडाबाहेर उभा होता म्हणे. सहा वर्षं मले फसवलं. डोळ्याचा डाक्टर!"

"फसवलं. तुम्हालाही आणि पोरीलाही."

ते उठले. आत गेले. दार लावून घेतलं. कडीचा आवाज ओट्यापर्यंत आला. वीस वर्षांचा नेम आज मोडला.

२४ नोव्हेंबर, सोमवार

दाखला झाला. आता मुंबईचा शिक्का, मग दिल्लीचा, मग कुरिअर. धम्मरत्नचा एक मित्र बघतोय. वेळेत पोहोचायला हवा.

पंचायतीला पत्रिका लागली नाही. पण माझ्या डोक्यातून जात नाही. सरकारला नको असेल, मला हवी आहे.

२६ नोव्हेंबर, बुधवार

मेहकरला गेलो. जुन्या छापखान्याच्या जागी गोविंदाचं फ्लेक्स-प्रिंटिंगचं दुकान. त्याचा बाप आमच्याकडे मशीन चालवायचा. खिळे नाहीत, शाईचा वास नाही. सगळं कॉम्प्युटरवर.

"पन्नासच्या खाली नाही छापत, काका. कोणाचं लग्न?"

"अनुपमाचं."

"अनुपमाताईचं तर..."

"झालं. २०१९ मध्ये."

तो हसला नाही, याबद्दल त्याचे आभार. जरा वेळानं मात्र म्हणाला, "मग खाली चिमुकल्यांचा आग्रह टाकू का? आमच्या आईबाबांच्या लग्नाला यायचं हं! नाव काय टाकू?"

"नाव अजून यायचंय. माणूसही."

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

मजकूर जमेना. चौतीस वर्षं हाच मजकूर झोपेतही जुळवला, आणि आता हात थांबतो. वर दोन ओळी कवितेच्या हव्यात म्हणून बसलो.

भिंतीबाहेर उभा राहिलो, फुले वेचली दोन,
आत यायची वाट, लेकी, दाखवील का कोण?

सरस्वतीला वाचून दाखवल्या. ती मेथी निवडत होती.

"कविता कायले? चुकलं असं लिहा ना सरळ."

ओळी खोडल्या. शेवटी हे गेलं :

'आमची कन्या अनुपमा आणि पिंपळगाव राजा येथील श्री. कचरू व सौ. भिमाबाई यांचे चिरंजीव धम्मरत्न यांचा विवाह १७ फेब्रुवारी २०१९ रोजी आनंदात पार पडला. त्या वेळी पत्रिका छापली नाही. मुलीचे वडील आत गेले नाहीत. चूक त्यांची. ही पत्रिका उशिरा पाठवत आहोत. आशीर्वादाला उशीर होत नसेल तर द्यावा. — नारायण व सरस्वती, डोणगाव.'

गोविंदानं फोनवर विचारलं, "एवढंच? मुहूर्त, स्थळ?"

म्हटलं, एवढंच.

५ डिसेंबर, शुक्रवार

पत्रिका आल्या. पिवळट कागद, लाल अक्षर. प्रूफ तपासायच्या सवयीनं एक उलटी धरून वाचली. चूक नाही.

११ डिसेंबर, गुरुवार

चार वाजता पाय आपोआप दादांच्या ओट्याकडे वळले. अर्ध्या वाटेवरून परत. त्यांची काठी भिंतीला टेकलेली दिसली. दार बंद.

२२ डिसेंबर, सोमवार

कागद मस्कतला पोहोचला! धम्मरत्नचा फोन. मला 'बाबा' म्हणावं की 'मामा', त्याला कळेना. "अहो..." म्हणून सुरू केलं. मी म्हटलं, "बाबा म्हण." तो म्हणाला, "बाबा, शिक्का बघून ती उशाशी कागद घेऊन झोपली. तीन महिन्यांत पहिल्यांदा घोरली."

३१ डिसेंबर, बुधवार

फोन नाही. सरस्वतीनं तीनदा केर काढला.

२ जानेवारी २०२६, शुक्रवार

मुलगी! सकाळी, आमच्या साडेनऊला. दोघी ठीक. केरळची ती बाई शेवटपर्यंत हात धरून बसली होती आणि म्हणत होती, "घाबरू नको, मी हाय." अनुपमा म्हणते, त्यातच हसू आलं आणि पोर आली.

जन्माच्या कागदावर आई, बाप, दोघांची नावं चढली.

संध्याकाळी व्हिडिओवर दाखवली. लालबुंद, मुठी आवळलेल्या. रडत होती — आमच्याच घरचं भोकाड!

"बाबा," अनुपमा म्हणाली, "तो मशीनचा आवाज काढा ना."

"तुला आठवतो?"

"मला कसा आठवेल? मी आठवीत जाईपर्यंत तुम्ही दर आठवड्याला सांगायचे."

सत्तरीचा माणूस, ओसरीवर बसून, फोनला तोंड लावून — खटाक्... धप्प. खटाक्... धप्प. आळीतली दोन पोरं फाटकाशी येऊन बघत राहिली. पोर गप्प झाली. मी थांबलो, तर पुन्हा सुरू. सरस्वती म्हणाली, "आता थांबू नका हो!"

३ जानेवारी, शनिवार

सरस्वतीनं आळीभर पेढे वाटले. प्रत्येक पेढ्याबरोबर एक पत्रिका. कोणी वाचून गप्प झालं, कोणी कुजबुजलं. तुकाराम शिंप्याच्या म्हातारीनं पत्रिका डोक्याला लावली.

"दादांकडे देऊ नकोस," मी बजावलं होतं. "त्यांच्या दारात उगीच तमाशा नको."

"हाव, नाई देत," ती म्हणाली. फार पटकन म्हणाली.

४ जानेवारी, रविवार

आत्ता चार वाजता दार वाजलं. उघडलं, तर हिंमतराव दादा. एका हातात काठी, सदऱ्याच्या खिशात ती पिवळट पत्रिका. मागे ऑटो, आणि ऑटोत आडवा घातलेला घरचा सागवानी पाळणा.

"पाहून काय राह्यला बे? धर ना. ते लेकरू येईन तवा त्याले बी खोक्यातच निजवशीन का?"